दर्शनी भाग

साहेब म्हणाले, हातात द्या.
घेत नसतील तर बाहेरच्या दारावर डकवा,
नाहीतर जागेच्या कोणत्याही दर्शनी भागावर.
दोन पंचांच्या सह्या घ्या, आणि फोटो काढा.
मी क्यारिअरला पिशवी आवळली
आणि धरणाच्या वसाहतीकडे सायकल घातली.

वसाहत म्हणजे काय, आठ क्वार्टरं,
पाचांवर कौलं नाहीत,
हापशीभोवती बेशरम माजलेली.
सात नंबरात अंतकला टेंभुर्णे.
नवरा पाणी मोजायचा. सांडव्याजवळच्या पट्टीवर
रोज सकाळी आकडा पाहून वहीत लिहायचा.
तो एकोणीस वर्षांपूर्वी वारला.
क्वार्टर त्याच्याच नावावर राहिलं.

नोटीस छापील. श्री. वर काट मारून श्रीमती ठेवलेलं,
काट इतकी जोरात की कागद तिथं फाटलेला.
'आपण सदर जागेचा अनधिकृतपणे वापर करीत आहात.
आपणांस निष्कासित का करू नये याबाबत
आपले म्हणणे दिनांक' – मोकळी जागा – 'पर्यंत मांडावे.'
मोकळी जागा बडेबाबूंनी बॉलपेननं भरली होती.

दाराला दार नव्हतं.
उधईनं खाल्लं, ती म्हणाली.
निळं लुगडं लावलेलं, मधोमध गाठ.
लुगड्यावर नोटीस डकवता येते का
हे मला कोणी शिकवलं नव्हतं.
"हातातच दे ना बाप्पा, मी काय नाई म्हनून रायली का?"

मी वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती.
"मांडावे म्हंते?"
हो.
"चूल मांडली अथी. पाट मांडला पोरीच्या लग्नात.
हे म्हननं कायवर मांडू?"

बाई, कागदावर, मी म्हटलं.
कायदा असा आहे, तुमचं ऐकल्याशिवाय
तुम्हाला कोणी काढू शकत नाही.
सव्वीस वर्षांच्या नोकरीत
मला आवडलेलं हे एकच वाक्य.
ते बोलताना मी बोटभर उंच होतो.

पंच मिळेनात. सहा नंबरातला रूपलाल आला सही करायला,
त्याची नोटीस माझ्याच पिशवीत होती.
त्यानं हिच्या कागदावर केली, हिनं त्याच्या.
खळ सांडली होती वाटेत.
हिनंच वाटीभर पेज दिली.
लुगड्याशेजारच्या भिंतीवर पेजेनं नोटीस डकवली,
फोटो काढला.
फोटोत तिची वाटीही आली आहे.

सुनावणीला ती तांदळाची बोरी घेऊन आली.
बोरीत वह्या. एकोणीस.
पहिल्या वहीत नवऱ्याच्या अक्षराखाली तिचं,
महिनाभर थरथरतं,
मग हळूहळू त्याच्यासारखंच.
आमच्याच ऑफिसातून रोज फोन जायचा, आज किती?
ती सांगायची. आम्ही वर कळवायचो,
ते आणखी वर.

साहेबांनी तीन-चार वह्या चाळल्या.
"कोणाच्या ह्या?"
"सरकारच्या," ती म्हणाली.
तेवढ्यात साहेबांनी मला पाणी आणायला पाठवलं,
म्हणून पुढचं मला माहीत नाही.

रोजनाम्यात आहे: म्हणणे ऐकले.
वह्या पुरावा म्हणून जमा.
कारणे स्वतंत्रपणे नमूद करण्यात येतील.
कारणांचा रकाना कोरा आहे.
फाइल या टेबलावरून त्या टेबलावर मीच नेतो.

मंगळवारी पुन्हा गेलो, दुसऱ्या कामानं.
मुंग्यांनी पेज खाल्ली होती,
भिंतीवर नुसता चौकोन.
नोटीस तिच्याकडे होती. घडी उघडून दाखवली.
मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात
रोजचा आकडा, तारखेसह.
"वह्या तुमच्यापाशी हायेत ना. मंग कायवर लिवू?"

तिनं तो कागद माझ्या हातात दिला,
साहेबाले दे म्हणाली.
तो पिशवीत आहे.
फाइलीला लावायचा तर
कोणती बाजू वर ठेवू,
हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही.